न खपलेल्या तबकड्या

प्रस्तावना

१५ डिसेंबर १९७८ रोजी मार्विन गे या गायकाचा 'हिअर, माय डिअर' हा अल्बम अमेरिकेत बाजारात आला. दोन लाँग प्ले तबकड्या, चार बाजू, तासाभराहून जास्त गाणं, आणि विषय एकच: मोडलेला संसार. मार्विनची बायको अ‍ॅना ही त्याच्याच रेकॉर्ड कंपनीच्या मालकाची, मोटाउनच्या बेरी गॉर्डीची, सख्खी बहीण. घटस्फोटाचा खटला उभा राहिला तेव्हा गायकाच्या हाती पैसा नव्हता. शेवटी तडजोड ठरली. अ‍ॅनाला एकूण ६ लाख डॉलर मिळायचे होते. त्यातले ३ लाख ५ हजार पुढच्या अल्बमच्या आगाऊ रकमेतून आणि उरलेले २ लाख ९५ हजार त्याच अल्बमच्या कमाईतून.

काहीतरी थातुरमातुर गाऊन मोकळं व्हावं, असं आधी त्याच्या मनात होतं. गायला बसल्यावर ते जमलं नाही. राग, पश्चात्ताप, वकिलांच्या बिलांची चिडचिड, पहिल्या भेटीची आठवण, सगळं त्यात उतरलं. एकाच माणसाचे चार-चार आवाज एकमेकांवर रचलेले; एक आवाज आरोप करतो, दुसरा माफी मागतो, तिसरा नुसता हुंकार भरतो. तबकडीच्या वेष्टनाच्या आतल्या चित्रात मोनोपॉलीच्या खेळासारखा पट मांडलेला आहे आणि त्यावरून पुरुषाचा हात बाईच्या हाताकडे एक रेकॉर्ड पुढे करतो आहे.

अल्बम पडला. बिलबोर्ड साप्ताहिकाच्या यादीत तो २६ व्या क्रमांकापर्यंत गेला. एखाद्या नवख्या गायकाला हा क्रमांक स्वप्नवत वाटला असता, पण 'व्हॉट्स गोइंग ऑन' आणि 'लेट्स गेट इट ऑन' गाणाऱ्या मार्विनसाठी ती घसरणच होती. समीक्षक गोंधळले, नाचायला आसुसलेल्या श्रोत्यांना या गाण्यावर नाचता येईना, आणि थोड्याच महिन्यांत कंपनीने जाहिरातीतून हात काढून घेतला. पुढे पंचवीस वर्षांनी रोलिंग स्टोन मासिकाने सार्वकालिक ५०० अल्बम निवडले तेव्हा त्यात 'हिअर, माय डिअर'ला जागा मिळाली. माझ्या मते मार्विनचं सगळ्यात धाडसी काम हेच आहे.

हे पुस्तक सोल संगीतातल्या अशा अल्बमांविषयी आहे.

ते सुरतेत, मराठीत लिहिलं गेलं याचंही एक कारण आहे. तापी व्हॅली रेल्वे १९०० मध्ये अमळनेरपर्यंत पोचली, आणि पुढच्या काळात खानदेशातली माणसं या शहराकडे येत राहिली. आज लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत फिरलं तर कानावर मराठी आणि अहिराणी पडते. इथला दिवस कापडाच्या हिशेबात मोजला जातो. रिंग रोडवरच्या मार्केटात परत आलेल्या मालाचे गठ्ठे पाहणाऱ्याला एक गोष्ट लवकर समजते: परत आलेला प्रत्येक ताका सदोष नसतो. कधी सणाचा हंगाम निघून गेलेला असतो, कधी माल उशिरा पोचलेला असतो, कधी रंग असा असतो की दुकानदाराला तो कोणत्या गिऱ्हाइकाला दाखवावा तेच कळत नाही. कापडाच्या बाबतीत हे सगळे मान्य करतात. गाण्याच्या बाबतीत मात्र 'चाललं नाही' म्हटलं की विषय संपतो. तो तिथे संपू नये, एवढ्यासाठी हे लेखन.

सोल संगीताशी ज्यांची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जायला हवं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये गॉस्पेल गायलं जाई. एकजण ओळ टाकी, बाकीचे उत्तर देत, आवाज चढत जाई आणि गाणाऱ्याच्या गळ्यातून शब्दांऐवजी नुसती हाक निघे. रविवारी सकाळी हे, आणि शनिवारी रात्री गुत्त्यात ब्लूज. दोन्हीकडचे गायक-वादक बरेचदा एकच असत, पण दोन्हींमध्ये भिंत होती. १९५४ मध्ये रे चार्ल्सने ती उघडपणे ओलांडली. त्याने गॉस्पेलची चाल आणि आवेश घेतला आणि त्यात देवाच्या जागी बाई बसवली. अनेक धर्मनिष्ठांना ते पाखंड वाटलं. १९५७ मध्ये सॅम कुक हा गॉस्पेलचा लाडका गायक चर्च सोडून प्रेमगीतांकडे वळला. जेम्स ब्राऊनने तोच आवेश नाचाच्या ठेक्यात कोंबला. दहा वर्षांत एक नवी गायकी उभी राहिली.

(ओळ टाकणारा आणि उत्तर देणारे, ही रीत आपल्याला अगदीच परकी नाही. सुरतेला लागून असलेलं सचिन संस्थान १७९१ पासून जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्याकडे होतं, आणि गुजरातेतले सिद्दी बावा गोरच्या दर्ग्यात आजही ढोल घेऊन धमाल करतात. आफ्रिकेतून निघालेले सूर अटलांटिकच्या पलीकडे गेले तसे अरबी समुद्राच्या या किनाऱ्यालाही लागले. दोन्ही वाटा वेगळ्या आहेत आणि त्यांची सांगड ओढूनताणून घालायची नाही. पण शेजारी राहणारा हा ठेका आपण कधी नीट ऐकला आहे का, असं मनात येतंच.)

सोलची घराणी शहरांवरून ओळखली जातात. डेट्रॉइटमध्ये बेरी गॉर्डीने १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन मोटाउन सुरू केली. तो आधी मोटारींच्या कारखान्यात काम करत असे आणि तिथलीच शिस्त त्याने गाण्यात आणली. एका साध्या घरात स्टुडिओ, ठरलेले वादक, पगारी गीतकार, आणि कोणतं गाणं बाहेर जाईल हे ठरवायला दर आठवड्याला बैठक. मोटाउनचं गाणं गुळगुळीत, नेटकं. गोऱ्या घरांतल्या रेडिओवरही चालावं असं मुद्दाम घडवलेलं. याच्या उलट मेम्फिसची स्टॅक्स. जिम स्ट्युअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल अ‍ॅक्स्टन या गोऱ्या भावंडांनी एका बंद पडलेल्या सिनेमागृहात स्टुडिओ थाटला. थिएटरची उतरती जमीन तशीच ठेवली, आणि त्या जमिनीवर काळे-गोरे वादक एकत्र वाजवू लागले. तेही १९६०च्या दशकातल्या दक्षिणेत, जिथे हॉटेलात एका टेबलाशी बसणंही अवघड होतं. ओटिस रेडिंगचा आवाज तिथला. गाण्यात थोडी धूळ, थोडा खडबडीतपणा. ठेका किंचित मागे रेंगाळणारा. अलाबामातल्या मसल शोल्स या लहानशा गावातला फेम स्टुडिओही याच वळणाचा.

शिकागोत कर्टिस मेफिल्डने नागरी हक्कांची चळवळ गाण्यात आणली. फिलाडेल्फियात गॅम्बल आणि हफ यांनी १९७१ पासून व्हायोलिनांचा मोठा ताफा आणि नाचाचा ठेका एकत्र आणला. डिस्कोचा पाया तिथेच पडला. पुढे फंक, डिस्को, हिपहॉप आले, आणि १९९०च्या दशकात डीअँजेलो, एरिका बाडू यांच्यापासून जुन्या गायकीकडे परतणारी एक फळी उभी राहिली. या शेवटच्या टप्प्यावर मराठी वाचकाला इंटरनेटवर हवं तेवढं साहित्य मिळेल, म्हणून मी इथे थांबत नाही.

थांबायला हवं ते कप्प्यांपाशी. खपाच्या याद्या छापणाऱ्या बिलबोर्डने कृष्णवर्णीयांच्या गाण्यांची यादी बहुतेक काळ वेगळी ठेवली. १९४९ पर्यंत तिच्या नावात 'रेस' हा शब्द होता, मग 'रिदम अँड ब्लूज' झालं, १९६९ मध्ये 'सोल', १९८२ मध्ये सरळ 'ब्लॅक', १९९० मध्ये पुन्हा 'आर अँड बी'. नाव बदललं, भिंत राहिली. रेडिओ केंद्रंही तशीच वाटलेली. म्हणजे गायक स्टुडिओतून बाहेर पडायच्या आधीच त्याचं गाणं कोण वाजवणार, कोणत्या दुकानात कोणत्या कप्प्यात ठेवणार आणि जाहिरातीवर किती खर्च करणार हे ठरलेलं असे. जे गाणं कप्प्यात बसे ते चाले. जे दोन कप्प्यांच्या मध्ये पडे त्याला वाली नसे.

१९७२ मध्ये अमेरिकेतल्या बलाढ्य सीबीएस कंपनीने हार्वर्डच्या बिझनेस स्कूलकडून सोल संगीताच्या बाजारपेठेचा अहवाल करून घेतला. काळ्या श्रोत्यांचं गाणं आता सगळी अमेरिका विकत घेते, त्यात मोठ्या कंपनीने कसं उतरावं, हा त्याचा विषय. त्याच वर्षी सीबीएसने स्टॅक्सच्या वितरणाचा करार केला. मेम्फिसच्या छोट्या कंपनीला वाटलं, आता आपला माल देशभर पोचेल. पण सीबीएसमधली माणसं बदलली, संबंध बिघडले आणि स्टॅक्सच्या रेकॉर्ड दुकानांपर्यंत पोचेनाशा झाल्या. १९७५च्या अखेरीस कंपनी दिवाळखोरीत गेली. तिच्या त्या शेवटच्या वर्षांतल्या कितीतरी तबकड्या 'अपयशी' म्हणून नोंदल्या गेल्या आहेत. ज्या दुकानात आल्याच नाहीत त्या कुणी विकत कशा घ्याव्यात?

सीबीएसच्याच दारातून या पुस्तकातली तीन महत्त्वाची माणसं आत गेली, म्हणून तिचं नाव इथे वारंवार येईल. पहिली अरेथा फ्रँकलिन. डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बाप्टिस्ट चर्चच्या पाद्र्याची ही मुलगी. १९६० मध्ये जॉन हॅमंड या पारखी माणसाने तिला सीबीएसच्या कोलंबिया कंपनीत आणलं. हॅमंडने याआधी बिली हॉलिडे हेरली होती, पुढे बॉब डिलनलाही त्यानेच आणलं. पण कंपनीने अरेथाकडून जॅझ गाऊन घेतलं, नाटकांतली गाणी घेतली, मखमली प्रेमगीतं घेतली. सहा वर्षांत हाती फारसं लागलं नाही. १९६७च्या जानेवारीत ती अटलांटिक कंपनीतर्फे मसल शोल्सला गेली, पियानोवर बसली आणि चर्चमध्ये गायची तशी गायली. पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र कोलंबियाच्या त्या सहा वर्षांविषयी बोलायचं आहे. 'वाया गेलेली वर्षं' म्हणून त्यांच्यावर फुली मारतात. त्या तबकड्या लावून ऐका: आवाज तोच आहे, वीस-बावीस वर्षांच्या मुलीचा, आणि भोवतीची वाद्यं त्याला वाट देत नाहीत. आवाज भिंतीला धडका देतोय हे ऐकू येतं. यशाच्या तबकडीतून इतकं शिकायला मिळत नाही.

दुसरी आशा पुथली. मुंबईत १९४५ मध्ये जन्मलेली, हिंदुस्तानी आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही गायकींची तालीम घेतलेली, कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या नात्यातली मुलगी. मुंबईच्या जॅझवाल्यांमध्ये ती गात असे. वेद मेहतांच्या 'पोर्ट्रेट ऑफ इंडिया' या पुस्तकात तिची गाठ पडते. मार्था ग्रॅहॅमच्या नृत्यशाळेची शिष्यवृत्ती मिळवून ती न्यूयॉर्कला गेली आणि तिथे पुन्हा हाच जॉन हॅमंड भेटला. त्याच्यामुळे ती ऑर्नेट कोलमनच्या 'सायन्स फिक्शन' या अल्बमात दोन गाणी गायली. मुक्त जॅझच्या त्या वादळात तिचा आवाज मींड घेत वाद्यांच्या वर तरंगत राहतो. डाउनबीट मासिकाच्या समीक्षकांनी तिची दखल घेतली.

यानंतर अमेरिकेतल्या मोठ्या कंपनीने तिचा अल्बम काढायला हवा होता. निघाला तो सीबीएसच्या युरोपीय शाखांकडून. १९७३चा पहिला अल्बम लंडनचा, निर्माता डेल न्यूमन. त्यात बिल विदर्सचं सोल आहे, जे. जे. केलचं ब्लूज आहे, जॉर्ज हॅरिसनचं गाणं आहे, आणि सगळ्यांना तिने कुजबुजीच्या पट्टीत आणलं आहे. १९७६चा 'द डेव्हिल इज लूज' जर्मनीत तयार झाला. तो आज ऐकताना थक्क व्हायला होतं: डिस्कोचा सर्वात मोठा बहर यायच्या आधीचं ते संथ, अंतराळी डिस्को-सोल, आणि त्यावर ख्यालातून आलेली श्वासाची जाण. पण साडी नेसून जॅझ गाणाऱ्या, सोल गाणाऱ्या, मुंबईहून आलेल्या बाईसाठी दुकानात कप्पा कोणता? काळ्यांच्या यादीत ती नव्हती, गोऱ्यांच्या यादीत नव्हती, आणि भारतीय म्हणावं तर हातात सतार नव्हती. लंडन-न्यूयॉर्कच्या मोठ्या याद्यांत ते अल्बम दिसले नाहीत.

दिसले दुसरीकडे. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मँकुसो आपल्या राहत्या जागेत, 'द लॉफ्ट'मध्ये, निमंत्रितांसाठी रात्रभर रेकॉर्ड लावत असे. तिथे 'स्पेस टॉक' हे तिचं गाणं लाडकं झालं. १९९७ मध्ये नोटोरियस बी.आय.जी. या रॅपरच्या अल्बमात त्याच गाण्याचा तुकडा वाजला. ज्यांनी आशा पुथलीचं नाव कधी ऐकलं नव्हतं अशा लाखोंनी तिचं गाणं ऐकलं. मराठीत तिच्याविषयी फार थोडं लिहिलं गेलं आहे, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुंबईने घडवलेल्या या आवाजाला या पुस्तकात सगळ्यात जास्त जागा दिली आहे ती त्यामुळेच.

तिसऱ्याचं नाव ऐकून काही वाचक थबकतील. फ्रेडी मर्क्युरी हा रॉक गायक, तो इथे कसा? आधी गाव पाहू. त्याचं आडनाव बलसारा. घराणं मूळचं वलसाडचं, जे तेव्हा सुरत जिल्ह्यात होतं आणि १९६०च्या दशकात वेगळं झालं. वडील नोकरीसाठी झांझिबारला गेले, तिथे १९४६ मध्ये फारूखचा जन्म झाला. शिक्षणासाठी मुलाला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवलं. तिथे तो पियानो शिकला आणि मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. ही पोरं वाजवत ती लिटल रिचर्ड आणि फॅट्स डॉमिनो यांची गाणी, म्हणजे सोलच्या थेट पूर्वजांची. पुढे अरेथा फ्रँकलिन ही त्याची आवडती गायिका झाली, आणि त्याच्या क्वीन या बँडच्या 'समबडी टू लव्ह' या गाण्यात त्याने तिच्या गॉस्पेलची छाया आणली.

१९८० मध्ये क्वीनचं एक गाणं बिलबोर्डच्या सोलच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. भिंतीला खिंडार पडल्यासारखं वाटलं. पण १२ जुलै १९७९ला शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या रेकॉर्डचा ढीग स्फोट घडवून उडवला गेला होता, आणि गर्दीने दंगा केला होता. अमेरिकेतल्या रॉक रेडिओला नाचाच्या गाण्याचं वावडं झालं होतं. या हवेत १९८२चा क्वीनचा 'हॉट स्पेस' आला आणि रॉकच्या चाहत्यांनी नाकं मुरडली. फ्रेडी मात्र त्याच वाटेवर पुढे गेला. म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत, निर्माता मॅकबरोबर, त्याने 'मिस्टर बॅड गाय' हा स्वतःचा अल्बम केला. कंपनी सीबीएस. एप्रिल १९८५ मध्ये तो आला. ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकावर पोचला, पण अमेरिकेत १५९ व्या क्रमांकापलीकडे गेला नाही.

या अल्बमचं आंधळं कौतुक मी करणार नाही. अर्ध्या गाण्यांत ड्रम मशीन आवाजाच्या मानेवर बसलं आहे, आणि वाद्यवृंद जिथे गरज नाही तिथेही भरून येतो. पण 'लिव्हिंग ऑन माय ओन'मध्ये शब्द सोडून तो नुसते बोल घेत सुटतो तेव्हा पाचगणीचा पोरगा आणि डेट्रॉइटची गायकी एका जागी येतात. हे गाणं १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये पन्नासाव्या क्रमांकावर अडलं होतं. १९९३ मध्ये, फ्रेडी गेल्यावर, नव्या ठेक्यासह तेच पहिल्या क्रमांकावर गेलं. याच अल्बममधली दोन गाणी क्वीनने १९९५च्या 'मेड इन हेवन'मध्ये नव्याने वाजवून घेतली, आणि तो अल्बमही ब्रिटनमध्ये पहिला आला. चाल तीच, गळा तोच, लावलेल्या नावाचा कप्पा वेगळा. शोकाचाही वाटा त्यात होता, हे खरं. तरी पहिल्या वेळी बाजाराने दिलेला निकाल गाण्याच्या मोलाचा होता असं म्हणायला माझी जीभ धजत नाही.

आता सुरतेसारख्याच एका कापडाच्या मुलखाकडे वळू. इंग्लंडच्या जुन्या लँकेशायरमधली विगन, बोल्टन, मँचेस्टर ही गिरण्यांची गावं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस लंडन नव्या ठेक्याकडे वळलं, पण इथल्या कामगार पोरांना मोटाउनच्या जुन्या, वेगवान धाटणीचं गाणंच हवं होतं. ती गाणी संपली तेव्हा त्यांनी न खपलेल्या रेकॉर्ड शोधायला सुरुवात केली. त्यांचे डीजे अमेरिकेत जाऊन गोदामं धुंडाळू लागले. छोट्या कंपन्यांनी काढलेल्या, कुणी विचारलं नाही अशा तबकड्या गठ्ठ्याने आणू लागले. या चळवळीला 'नॉर्दर्न सोल' म्हणतात. सप्टेंबर १९७३ मध्ये विगन कॅसिनोत रात्रभराचे नाच सुरू झाले आणि १९८१ पर्यंत चालले. आठवडाभर पाळी करायची आणि शनिवारच्या रात्री पहाटेपर्यंत नाचायचं. ग्लोरिया जोन्सचं 'टेन्टेड लव्ह' हे अमेरिकेत पडलेलं गाणं इथेच जगलं, आणि १९८१ मध्ये सॉफ्ट सेल या बँडने ते पुन्हा गायल्यावर ब्रिटनमध्ये पहिलं आलं. फ्रँक विल्सनच्या एका रेकॉर्डचे छापलेले नग मोटाउनने १९६५ मध्ये नष्ट केले होते. वाचलेल्या प्रतींपैकी एक २००९ मध्ये २५ हजार पौंडांहून जास्त किमतीला गेली.

किंमत मला फारशी महत्त्वाची वाटत नाही. महत्त्वाचं वाटतं ते असं की हा निकाल फिरवला कापडाच्या गावातल्या कामगारांनी. विद्वानांनी नाही, कंपनीने नाही. उधना-पांडेसऱ्यात बारा-बारा तासांची पाळी करून मोबाइलवर गाणं लावणाऱ्या तरुणाला या गोष्टीत काहीही परकं वाटणार नाही. श्रोता हा यादीचा गुलाम नसतो, हे लँकेशायरच्या पोरांनी नाचून दाखवलं.

हे सगळं आज का? कारण कप्पे संपलेले नाहीत, फक्त दिसेनासे झाले आहेत. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद ऐकलं की ते एकदा वाजलं असं धरतात. म्हणून पहिल्या तीस सेकंदांत श्रोत्याला धरून ठेवायची घाई गाण्यात शिरली आहे. 'हिअर, माय डिअर'सारखं हळूहळू उलगडणारं गाणं या हिशेबात तग धरणार नाही. २०२४ पासून ज्या गाण्याला वर्षभरात हजार श्रवणं मिळत नाहीत त्याला तिथे मानधनच मिळत नाही. यंत्र जे ऐकलं गेलं आहे तेच पुढे करतं. जे कुणी ऐकलं नाही ते कुणाला दाखवावं हे त्याला समजत नाही. खानदेशातल्या एखाद्या गायकाने अहिराणीत काही नवं करून पाहिलं आणि लग्नाच्या बँजोवर ते वाजलं नाही, तर त्याचं गाणं याच पोकळीत पडतं. फरक इतकाच की तबकडी गोदामात तरी सापडायची.

एक सावधगिरीही सांगायला हवी. पडलेला प्रत्येक अल्बम हिरा नसतो. बरेचसे पडतात कारण ते कंटाळवाणे असतात, उरकलेले असतात, किंवा गायकाकडे सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं. अपयशाभोवती एक भाबडी प्रभावळ तयार करण्याचा मोह संग्राहकांना होतो, आणि दुर्मिळतेलाच गुणवत्ता समजलं जातं. मी निवड करताना दोन प्रश्न विचारले. हा अल्बम कुठल्या भिंतीवर आपटला ते दाखवता येतं का? आणि ती भिंत बाजूला केली तर आज, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला, त्यात काही मिळेल का? दोन्हींचं उत्तर हो असेल तरच तो इथे आला. मिनी रिपर्टनचा १९७०चा 'कम टू माय गार्डन' आला, शुगी ओटिसचा १९७४चा 'इन्स्पिरेशन इन्फर्मेशन' आला. काही फार गाजलेल्या 'हरवलेल्या' तबकड्या दुसऱ्या प्रश्नावर अडल्या आणि बाहेर राहिल्या. रसिकांशी त्यावरून भांडण झालं तर आनंदच होईल.

लेखांमध्ये करार, स्टुडिओ, वितरण आणि रेडिओ यांची माहिती भरपूर आहे, कारण गाणं हवेत तयार होत नाही. पण प्रत्येक लेखात निदान एक गाणं बारकाईने ऐकलं आहे: आवाज कुठे श्वास घेतो, ठेका कुठे मागे राहतो, साथीचे आवाज मूळ आवाजाला दुजोरा देतात की त्याला खोडून काढतात. हे मराठीतून लिहिताना आपल्याकडच्या संगीत-लेखनाची भाषा हाताशी होती, ही मोठी सोय. मींड, हरकत, पुकार, ठहराव हे शब्द आशा पुथलीसाठी जितके उपयोगी पडले तितकेच मार्विनसाठीही. इंग्रजी शब्द गरजेपुरतेच ठेवले आहेत.

लेख कुठूनही वाचता येतील. गाणी मात्र वाचण्याआधी ऐकावीत, आणि शक्य असेल तर अख्खी बाजू न थांबवता. ज्यांनी सोल कधीच ऐकलं नाही त्यांनी अरेथाच्या मसल शोल्सपासून सुरुवात करावी, मग मागे कोलंबियाकडे जावं. उलट्या क्रमाने गेल्यास त्या सहा वर्षांची किंमत कळत नाही.

एक मोठी उणीव राहिली आहे. १९६० आणि ७०च्या दशकांत मुंबई-कोलकात्यात पाश्चात्त्य धर्तीवर गाणाऱ्या भारतीय गायक-गायिकांच्या छोट्या तबकड्या निघाल्या. त्यांत सोलची गाणीही होती. त्या आता घराघरांतल्या माळ्यांवर आहेत. पारशी, गोवेकर, अँग्लो-इंडियन कुटुंबांकडे, आणि सुरत-नवसारीतल्या जुन्या घरांतही त्या सापडतील असा माझा कयास आहे. त्यांच्यावर लिहायला एक वेगळा खंड लागेल. कुणाकडे अशी रेकॉर्ड असेल तर ती रद्दीत घालण्याआधी तिच्यावरचा कागद वाचावा, तारीख आणि वादकांची नावं टिपून ठेवावीत, आणि वाजत असेल तर एकदा वाजवून ध्वनिमुद्रित करून घ्यावी. हे टिपण्याचं काम मीही आता सुरू केलं आहे.

सुरत